लाइट गेली, सेशन अडकलं: डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिताना या चुका टाळा

रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याची पट्टी, जिनिंगमधला वजनकाटा, नंदुरबारच्या मिरचीच्या आडतीचा हिशेब, जळगावच्या डाळ मिलचा स्टॉक. खान्देशात यातलं पुष्कळ काम अजूनही डेस्कटॉप सॉफ्टवेअरवर चालतं आणि त्यात गैर काही नाही. नेट गेलं म्हणून काटा थांबवता येत नाही. हे सॉफ्टवेअर लिहिणारी, सांभाळणारी पोरंही इथलीच. कॉलेजात वेब शिकलेली, पण पोट सी शार्प या भाषेत लिहिलेल्या बिलिंगवर. 'सॉफ्टवेअर अडकलं' म्हणून त्यांना जे फोन येतात, त्यातले बरेच खरं तर सेशनचे असतात. सेशन म्हणजे लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंतची एक बैठक.

वेबवर सेशन सर्व्हर सांभाळतो. थोडा वेळ हालचाल दिसली नाही की तोच ते मोडीत काढतो. डेस्कटॉपवर हे काम तुमच्या प्रोग्रामलाच करावं लागतं, आणि तिथेच घोळ होतो. लॉगिनचा फॉर्म सगळे मन लावून लिहितात. सेशन संपायच्या वाटा मात्र कुणी मोजत नाही: फुलीवर क्लिक, लाइट जाणं, लॅपटॉपचं झाकण मिटणं, रात्रीचं विंडोज अपडेट, टास्क मॅनेजर, पायात अडकून निघालेली लॅनची वायर. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका यातली एखादी वाट विसरल्यामुळे झालेल्या आहेत.

'हा युजर आधीच लॉगिन आहे'

ही सगळ्यात जुनी चूक, आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारी. कापसाचा सीझन, जिनिंगच्या गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरची रांग. लाइट जाते. इन्व्हर्टरवर पंखा आणि दोन ट्यूब. काट्याच्या कॉम्प्युटरचा यूपीएस दोनदा टीं-टीं करून झोपतो. लाइट येते, दिवाणजी पासवर्ड टाकतात आणि स्क्रीनवर येतं: हा युजर आधीच लॉगिन आहे. मग फोन: "काय भो, मी तर हा इथंच बसेल आहे, मग आत कोन आहे?"

आत कुणीच नसतं. युजरच्या टेबलमध्ये 'लॉगिन आहे' असा एक रकाना ठेवलेला असतो. लॉगिनला त्यात १ पडतो आणि फॉर्म बंद होताना ० होतो. लाइट गेल्यावर फॉर्म बंद व्हायची घटना घडतच नाही, त्यामुळे १ तसाच राहतो. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारला तरी तेच. '५ युजरचं लायसन्स आहे, बसलेत तिघं, चौथ्याला आत घेत नाही' ही तक्रारही याच रकान्यातून येते.

यावर सर्रास दिसणारा इलाज म्हणजे मेनूत एक 'सर्व युजर क्लिअर' बटण. आठवड्याभरात ते सगळ्यांना माहीत होतं आणि मग एकच माणूस दोन ठिकाणी बसून एकाच पावतीवर वजन टाकतो. म्हणजे कुलूपही गेलं आणि किल्लीही.

त्यापेक्षा सेशनचं वेगळं टेबल करा. सेशनचा क्रमांक, युजर, मशीनचं नाव आणि 'शेवटचं कधी दिसला' एवढे रकाने पुरेत. प्रोग्राम चालू असेपर्यंत दर ३० सेकंदांनी तो शेवटचा रकाना ताजा करायचा, आणि वेळ डेटाबेसच्या सर्व्हरची घ्यायची, समोरच्या मशीनची नाही. दोन मिनिटांत ज्याचा पत्ता नाही ते सेशन मेलं असं धरा. त्याच मशीनवरून तोच युजर परत आला, तर काही न विचारता आत घ्या. दिवाणजींना दोन मिनिटंही थांबवायचं कारण नाही. दुसऱ्या मशीनवर तो खरोखर जिवंत असेल तर विचारा, 'तिकडचं बंद करून इथे सुरू करू का?' आणि 'हो' म्हटलं तर तिकडच्या प्रोग्रामलाही ते कळलं पाहिजे. पुढच्या वेळी रकाना ताजा करताना एकही ओळ बदलली गेली नाही, तर आपलं सेशन दुसऱ्याने घेतलं हे ओळखून त्याने स्वतःला लॉक करावं. हा शेवटचा भाग बहुतेकांचा राहून जातो.

डेटाबेस म्हणून एसक्यूएल सर्व्हर वापरत असाल तर एसपी_गेटअ‍ॅपलॉक ही आणखी सोपी सोय आहे. सेशनच्या नावावर घेतलेलं हे लॉक कनेक्शन तुटलं की आपोआप सुटतं. फक्त ते कनेक्शन पूलमधलं, म्हणजे परत-परत वापरायला राखून ठेवलेल्यांतलं, नको. वेगळं उघडा आणि शेवटपर्यंत उघडंच ठेवा. क्लायंटची लाइट गेल्याचं सर्व्हरला त्या क्षणी कळत नाही. मूळ सेटिंगमध्ये कनेक्शन शांत राहिल्यावर ३० सेकंदांनी तो चाचपणी सुरू करतो. त्यामुळे 'लगेच का सुटलं नाही' म्हणून घाबरू नका.

याचं टेस्टिंग फुलीवर क्लिक करून होत नाही. यूपीएस बाजूला ठेवा आणि प्लग ओढा. ग्राहकाच्या नव्हे, स्वतःच्या मशीनचा.

लाइट आल्यानंतरची गंमत वेगळीच. सगळे कॉम्प्युटर एकदम चालू होतात, आणि ज्यावर डेटाबेस आहे तो बिचारा सगळ्यात जुना, शेवटी उठतो. तोवर बाकीचे प्रोग्राम त्याला शोधून दमलेले असतात. काही सॉफ्टवेअर इथे साठवलेलं सेशन पुसून टाकतं आणि 'पुन्हा लॉगिन करा' म्हणतं. सर्व्हर सापडला नाही आणि सर्व्हरने नाही म्हटलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात थांबून थोड्या-थोड्या वेळाने परत प्रयत्न करायचा. सेशन पुसायचं ते दुसऱ्यातच.

टाइमआउट: टायमरवर भरवसा ठेवू नका

'१० मिनिटं हात लावला नाही तर लॉक' एवढंच करायचं म्हणून फॉर्मवर टायमर टाकला जातो. मशीन स्लीपमध्ये असताना तो टायमर झोपलेला असतो. मालक संध्याकाळी झाकण मिटून घरी जातो, सकाळी दुसराच कुणी ते उघडतो आणि मालकाचं सेशन समोर हजर. टायमर फक्त आठवण करण्यापुरता ठेवा. निर्णय घ्यायचा तो शेवटच्या हालचालीची वेळ आणि आत्ताची वेळ यांच्यातल्या फरकावर, आणि मशीन जागं झाल्याची सूचना आली की टायमरची वाट न बघता लगेच.

हालचाल मोजायला विंडोजचं गेटलास्टइनपुटइन्फो वापरताना एक खोच लक्षात ठेवा: ते फंक्शन त्या विंडोज सेशनमधली कुठलीही हालचाल सांगतं, तुमच्या प्रोग्राममधली नव्हे. कारकून दिवसभर एक्सेलमध्ये असला तरी तुमचं सॉफ्टवेअर त्याला 'कामात' समजेल.

घड्याळाचीही एक भानगड आहे. आडतीवरच्या जुन्या मशीनमधला सीआर२०३२ सेल संपलेला असतो, मेन स्विच बंद झाला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सेशन एक तर कधीच संपत नाही, नाहीतर उघडल्या-उघडल्या संपतं. ऑनलाइन सेवेशी बोलणारं सॉफ्टवेअर असेल तर टोकन (लॉगिन झाल्याची डिजिटल पावती) 'अजून सुरूच झालेलं नाही' म्हणून नाकारलं जातं आणि एचटीटीपीएसचं सर्टिफिकेटही चालत नाही. फोनवर पासवर्डची चौकशी करण्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचून घ्या. कोडमध्ये गेलेला वेळ भिंतीवरच्या घड्याळाने मोजू नका. विंडोज सुरू झाल्यापासूनचा वेळ सांगणारं गेटटिककाउंट६४ तारीख बदलली तरी बिघडत नाही आणि स्लीपचा वेळही धरतं. जुनं, ६४ नसलेलं गेटटिककाउंट ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं. 'आम्ही तर रोज शटडाउन करतो' या भ्रमात राहू नका. २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे, म्हणजे शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद न होता त्याचा गाभा डिस्कवर साठवला जातो. ते चालू असेल तर रोजच्या शटडाउनने हे मोजमाप नव्याने सुरू होत नाही; त्याला रीस्टार्टच लागतो.

आणि टाइमआउट झाल्यावर करायचं काय? अर्धी भरलेली पट्टी टाकून देऊन लॉगिनचा फॉर्म दाखवणाऱ्या प्रोग्रामरला एकदा रात्रभर केळीच्या गाडीच्या लोडिंगवर बसवलं पाहिजे. लॉक करा, लॉगआउट नको. मागचा फॉर्म जसाच्या तसा राहू द्या, वर पडदा टाका आणि छोटा पिन मागा. काट्यावरच्या माणसाला दर पाच मिनिटांनी लांबलचक पासवर्ड विचाराल, तर तो मॉनिटरच्या कडेला मार्करने लिहिलेला सापडेल. पट्टी करण्यासाठी वेळ सैल ठेवा. भाव बदलणं, जुनं बिल दुरुस्त करणं यासाठी पिन त्याच क्षणी मागा, सेशन ताजं असलं तरी.

शटडाउनच्या वेळी 'सेव्ह करू का?'

विंडोज बंद होताना प्रोग्रामला सूचना मिळते. डॉटनेटमध्ये (सी शार्प ज्यावर चालतं ते) सेशनएंडिंग म्हणून. तिथे मेसेजबॉक्स दाखवणं ही नेहमीची चूक. तोवर वापरणारा चपला घालून निघालेला असतो. प्रोग्रामने साधारण पाच सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज 'हा प्रोग्राम अडवतोय' असा पडदा आणतं, आणि कोणीतरी 'तरीही बंद करा' दाबतं. गेली पट्टी.

शेवटी सेव्ह करायचा विचारच सोडा. टाइप होत असतानाच कच्चा मसुदा लिहीत जा. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, डिस्कवर उतरल्याची खात्री करा, मग नाव बदलून जुनीच्या जागी ठेवा. थेट मूळ फाइलवर लिहिताना लाइट गेली तर जुनंही जातं आणि नवंही. जागा लोकल अ‍ॅपडेटामधली. प्रोग्राम फाइल्समध्ये नको.

मसुद्यावर युजरचं नाव हवं, नाहीतर एकाची अर्धी पट्टी दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये उघडते. बिलाचा नंबर मसुद्याला देऊ नका. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलांचे नंबर ओळीने हवेत. पाच वेळा लाइट गेली आणि पाच मसुद्यांनी पाच नंबर खाल्ले, तर सीएसमोर उत्तर देत बसावं लागेल. नंबर पक्कं सेव्ह होताना, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पडावा.

मालक घरून रिमोटने बसतो तेव्हा

ऑफिस सावद्याला, मालक जळगावला. संध्याकाळी तो रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर येतो, भाव बघतो आणि फुली मारून जेवायला जातो. ती फुली फक्त जोडणी तोडते. विंडोजचं सेशन, त्यातलं तुमचं सॉफ्टवेअर, उघडं ठेवलेलं खातं आणि त्यावरचं लॉक सगळं तसंच जिवंत राहतं. आणि इथे वरची 'शेवटचं कधी दिसला'ची युक्तीही चालत नाही, कारण प्रोग्राम तर इमानदारीत दर ३० सेकंदांनी हजेरी लावतोय! सकाळी कारकुनाला ते खातं उघडत नाही. डॉटनेटच्या सेशनस्विच या घटनेत जोडणी तुटल्याचं आणि स्क्रीन लॉक झाल्याचं दोन्ही कळतं. तिथे प्रोग्राम लॉक करा आणि धरून ठेवलेल्या नोंदी सोडून द्या. ही घटना स्टॅटिक आहे, म्हणजे एखाद्या फॉर्मची नाही, प्रोग्राम चालू असेपर्यंत राहणारी. फॉर्म बंद करताना तिच्यातून नाव काढलं नाही, तर बंद केलेला फॉर्म मेमरीत तसाच पडून राहतो.

'एका वेळी एकच प्रोग्राम चालू' यासाठीच्या म्यूटेक्सच्या (दुसरी प्रत उघडू न देणारं कुलूप) नावाच्या सुरुवातीला 'ग्लोबल' लावलं असेल, तर सर्व्हरवर दुसऱ्या माणसाला प्रोग्राम उघडताच येत नाही. एका माणसाला एकच हवा असेल, तर 'लोकल' लावा.

टोकन ठेवायचं कुठे

ई-वे बिल, ई-मेल, क्लाउड बॅकअप यांची टोकनं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सापडतात तेव्हा काय बोलावं कळत नाही. गुपितं कुलूपबंद ठेवायला विंडोजवर डीपीएपीआय आहे, मॅकवर कीचेन, ते वापरा. पण डीपीएपीआयमधलं 'करंट युजर' हे विंडोजच्या युजरपुरतं असतं. दुकानातले चौघं एकाच विंडोज लॉगिनवर बसत असतील, तर त्या चौघांमध्ये ते काही आडपडदा ठेवत नाही. शिवाय लोकल खात्याचा विंडोज पासवर्ड कुणी अ‍ॅडमिनने बळजबरीने रीसेट केला, तर ते टोकन उघडेनासं होतं. तिथे क्रॅश न होता पुन्हा लॉगिन मागा.

मधूनच कारण नसताना लॉगआउट होत असेल तर रिफ्रेश टोकनकडे, म्हणजे मुदत संपल्यावर नवं टोकन मागायच्या टोकनकडे बघा. प्रोग्राममधले एकाच वेळी चालणारे दोन धागे (थ्रेड) एकाच क्षणी तेच टोकन घेऊन नवं मागायला गेले, की काही सेवा त्याला चोरी समजून सगळं सेशनच रद्द करतात. ताजं करायचं काम एका वेळी एकानेच करावं, बाकीच्यांनी थांबावं. आणि लॉगिनची खिडकी प्रोग्रामच्या आत उघडू नका. आरएफसी ८२५२ या इंटरनेटच्या शिफारसपत्राने २०१७ पासूनच मशीनमधला ब्राउझर वापरायला सांगितलं आहे.

मागचं सगळं परत उघडताना

प्रोग्राम चालू आहे, खाली टास्कबारवर दिसतो, पण खिडकी कुठेच नाही? मिनिमाइझ असताना बंद केलेल्या खिडकीची जागा उणे ३२००० अशी सेव्ह झालेली असते. किंवा दुसरा मॉनिटर कुणीतरी काढून नेलेला असतो. उघडताना ती जागा खरोखर एखाद्या स्क्रीनवर आहे का ते तपासा.

दुसरं, ज्या फाइलमुळे प्रोग्राम कोसळला तीच परत उघडून परत कोसळणं. सुरू होताना एक खूण ठेवा, नीट उघडल्यावर पुसा. खूण लागोपाठ दोनदा शिल्लक दिसली तर मागचं काही न उघडता रिकामा प्रोग्राम दाखवा आणि मसुदे बाजूला यादीत द्या.

लॉगमध्ये प्रत्येक सेशनपुढे ते कसं संपलं हे लिहीत जा: युजरने बंद केलं, विंडोजने बंद केलं, दुसऱ्या मशीनने घेतलं, वेळ संपली. ज्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही ते लाइटचं, टास्क मॅनेजरचं किंवा तुमच्या क्रॅशचं. आणि त्याच मिनिटाला शेजारच्या मशीनपुढेही रिकामं असेल, तर कोड उघडायच्या आधी यूपीएसची बॅटरी बघायला सांगा.