आरशातलं बटण आणि फाटक

टेक्सासात जुनी गाडी घेतली. आरशाखाली होमलिंकची तीन बटणं, म्हणजे फाटकाच्या रिमोटचं काम गाडीतूनच करणारी. फाटकाचा रिमोट सारखा सीटखाली सरकायचा, म्हणून म्हटलं, हे एकदा जमवूनच टाकू.

आधीच्या मालकाचे कोड पुसायला कडेची दोन बटणं दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरली. मग रिमोट आरशापासून चार बोटांवर धरून रिमोटचं बटण आणि आरशाखालचं एक बटण एकदम दाबलं. काही नाही. अंगठा दुखायला लागला. फाटकाचा रिमोट दोन सेकंदांत सिग्नल बंद करतो, हे उशिरा उमगलं! म्हणजे गाडीचं बटण दाबूनच ठेवायचं आणि रिमोटचं मात्र सोडायचं-दाबायचं, सोडायचं-दाबायचं. दिवा जोरात लुकलुकू लागला.

तरी फाटक ढिम्म. आता दाबलं की दिवा दोन सेकंद फडफडून स्थिर व्हायचा. ही रोलिंग कोडची खूण. कोड दर वेळी बदलतो, त्यामुळे फाटकाच्या मोटरलाही गाडीची ओळख करून द्यावी लागते. मोटरचं खोकं उघडलं तर आत मुंग्यांचं बिऱ्हाड. त्या झटकल्यावर बोर्डावर 'लर्न'चं बटण दिसलं. ते दाबल्यावर हातात तीसच सेकंद. पहिल्यांदा मी धावत गाडीपर्यंत पोचेतो वेळ संपली. दुसऱ्यांदा बायकोला गाडीत बसवलं आणि खोक्यापाशी उभा राहून ओरडलो, "दाब!" तिने तीनदा दाबलं. तिसऱ्याला फाटक कुरकुरत सरकलं.

"एवढ्यासाठी अख्खा रविवार?" ती म्हणाली.