सेवा केंद्रातील यंत्रे मॅक ॲड्रेसवरून कशी ओळखावीत

यवतमाळ किंवा वाशीमकडच्या एखाद्या गावातील सेवा केंद्रात साधारणतः एक राऊटर, दोन संगणक, एक वायफाय प्रिंटर आणि दारावर एखादा कॅमेरा एवढा पसारा असतो. दुपारी लाइन जाऊन परत आली, की राऊटर सर्वांना नव्याने आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधील पत्त्याचा क्रमांक, वाटतो आणि सकाळपर्यंत सातबारा छापून देणारा प्रिंटर संगणकाला सापडेनासा होतो. अशा वेळी पुष्कळ जण प्रिंटरच काढून पुन्हा जोडतात. त्याऐवजी प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, शोधून त्याच्यासाठी एक आयपी कायमचा राखून ठेवावा.

आयपी ॲड्रेस बदलतो, परंतु मॅक ॲड्रेस कारखान्यातच नेटवर्क कार्डात नोंदवलेला असतो. तो ४८ बिटांचा असून १२ चिन्हांत, म्हणजे ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे वापरून, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिला जातो. पहिल्या तीन जोड्या सहसा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या असतात आणि त्या आयट्रिपलई ही संस्था नेमून देते. उरलेल्या तीन कंपनी स्वतः देते. हा ॲड्रेस संपूर्ण यंत्राचा नसून कार्डाचा असतो, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे, कारण एकाच लॅपटॉपला केबलचा एक आणि वायफायचा दुसरा असे दोन ॲड्रेस असतात आणि नोंद करताना नेमका येथेच घोळ होतो.

विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ या आज्ञेला ‘ऑल’ हा पर्याय जोडून चालवावी; प्रत्येक कार्डाखाली ‘फिजिकल ॲड्रेस’ या नावाने तो दिसेल. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कच्या माहितीचे पान छापता येते. कॅमेऱ्याचा ॲड्रेस बहुधा मागच्या स्टिकरवर असतो. तो भिंतीवर चढवण्यापूर्वीच टिपून घेतलेला बरा.

यानंतर राऊटरच्या पानावर लॉगिन करून जोडलेल्या यंत्रांची यादी काढावी आणि ती आपल्या वहीशी ताडून पाहावी. यादीत ‘डीए-५१-०९-७ई-३०-४बी’ असा अनोळखी ॲड्रेस दिसला, तर पहिल्या जोडीतील दुसरे चिन्ह पाहावे. ते २, ६, ए किंवा ई असेल, तर तो ॲड्रेस कंपनीने दिलेला नसून यंत्राने किंवा सॉफ्टवेअरने ठरवलेला असतो. येथे ते ‘ए’ आहे. हा बहुधा कोणाचा तरी मोबाईल आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी सहसा वेगळा, बनावट ॲड्रेस वापरतात. कर्मचाऱ्याचा फोन नोंदवायचा असल्यास त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये या नेटवर्कपुरता मूळ ॲड्रेस निवडावा. पाहुण्यांच्या फोनांची नोंद ठेवण्यात वेळ दवडू नये.

प्रिंटर ओळखला, की राऊटरच्या डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटणाऱ्या, विभागातील ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये त्याचा मॅक ॲड्रेस आणि त्याला द्यावयाचा आयपी भरावा, राऊटर व प्रिंटर एकदा बंद करून सुरू करावेत आणि संगणकावरील प्रिंटरच्या पोर्टमध्ये तोच आयपी टाकावा. संगणक छपाईपूर्वी ‘हा आयपी कोणाकडे आहे?’ असे नेटवर्कमधील सर्वांना विचारतो आणि प्रिंटर आपला मॅक ॲड्रेस कळवतो. एआरपी नावाची ही पद्धत १९८२ पासून ठरलेली आहे. मॅक ॲड्रेसचा हा व्यवहार राऊटरपर्यंतच चालतो, त्यामुळे पलीकडच्या संकेतस्थळाला तो सहसा कळत नाही.

फुकट वायफाय वापरणाऱ्यांना अडवण्यासाठी काही जण मॅक फिल्टर, म्हणजे ठरावीक मॅक ॲड्रेसनाच प्रवेश देणारी सोय, लावतात. त्यावर माझा फारसा भरवसा नाही. वायफायवरून जाणारा मजकूर सांकेतिक केलेला असला, तरी मॅक ॲड्रेस उघडाच जातो आणि माहीतगार माणूस तो आपल्या यंत्राला लावू शकतो. पासवर्ड भक्कम ठेवावा आणि तो भिंतीवर चिकटवू नये.

राखून ठेवलेल्या नोंदी राऊटरच्या आतच असतात, म्हणून रिसेटचे बटण दाबल्यास किंवा राऊटर बदलल्यास त्या पुन्हा भराव्या लागतात. वहीत यंत्राचे नाव, केबल की वायफाय, मॅक ॲड्रेस आणि आयपी असे चार रकाने असले, तर हे काम नवा ऑपरेटरही करू शकेल.