मायक्रोट्यूब्यूलवर बसलेलं एन्झाइम: या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

मायक्रोट्यूब्यूल म्हणजे पेशीतल्या, ट्युब्युलिन या प्रथिनाच्या बनलेल्या पोकळ नळ्या. एन्झाइम आणि मायक्रोट्यूब्यूल यांच्या एकत्र रचनेवर काम करू इच्छिणारे विद्यार्थी पहिला प्रश्न हमखास संगणकाचा विचारतात. कुठलं सॉफ्टवेअर? किती जीपीयू? पायथन यायलाच हवं का? माझा अनुभव असा की हे सगळं काम करता करता जमतं. काम अडतं ते त्याच्या बरंच आधी, टेस्ट ट्यूबमध्ये. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

उदाहरण व्हॅसोहिबिनचं घेऊ, कारण मला ते फार आवडतं. ट्युब्युलिन म्हणजे अल्फा आणि बीटा यांची जोडी; त्यातल्या अल्फा-ट्युब्युलिनच्या शेपटीच्या टोकाला टायरोसिन हे अमिनो आम्ल असतं. पेशी ते काढून टाकते आणि पुन्हा जोडते. ही देवघेव १९७० च्या दशकापासून माहीत होती, जोडणारं एन्झाइमही सापडलं होतं. पण काढणारं कोण, हे कळायला २०१७ साल उजाडलं. व्हॅश-१ किंवा व्हॅश-२ (व्हॅसोहिबिनचे दोन प्रकार), आणि सोबत एसव्हीबीपी नावाचं अवघ्या ६६ अमिनो आम्लांचं प्रथिन. एसव्हीबीपीशिवाय व्हॅश नीट विरघळतही नाही, तेव्हा दोन्ही प्रथिनं पेशीत एकत्रच तयार करवून घ्यायची. २०१९ मध्ये या जोडीच्या स्फटिक-रचना आल्या. तरी एक प्रश्न उरलाच: हे एन्झाइम सुट्या ट्युब्युलिनपेक्षा मायक्रोट्यूब्यूलवर जास्त जोमाने काम करतं, ते का? शेपटी तर दोन्हीकडे तीच.

असा प्रश्न हाती असेल तरच क्रायो-ईएमकडे, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याची चित्रं घेण्याकडे वळा. नुसतं 'रचना बघायची आहे' एवढ्या भांडवलावर या कामात टिकाव लागत नाही.

आता नमुना. बाजारात सहज मिळतं ते डुकराच्या किंवा गाईच्या मेंदूतलं ट्युब्युलिन. त्यातल्या बऱ्याच रेणूंचं टायरोसिन आधीच गेलेलं असतं, शिवाय शेपट्यांवर ग्लुटामेटच्या साखळ्या चढलेल्या असतात. म्हणजे एन्झाइमला जे तोडायचं आहे, तेच अनेक ठिकाणी जागेवर नाही. हेला पेशींमधलं ट्युब्युलिन यापेक्षा खूप कोरं असतं. ते शुद्ध करायला कष्ट पडतात, पण शेपटीवर काम करणाऱ्या कुठल्याही एन्झाइमसाठी ते कष्ट घ्यावेत असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण अशी की एन्झाइम येतं, तोडतं आणि निघून जातं. त्याला थांबवायचं तर कात्री बोथट करावी लागते: व्हॅश-१ मधलं १६९ व्या जागेवरचं सिस्टीन बदलून तिथे अ‍ॅलनिन बसवलं की ते शेपटी धरतं, पण कापत नाही. त्यानंतर मिठाचं प्रमाण. शेपटी ऋणभारित आणि एन्झाइममधली खाच धनभारित, त्यामुळे मीठ थोडं वाढलं की पकड सुटते. फार कमी केलं तर एन्झाइमच गुठळ्या करून बसतं. मधली जागा शोधण्यासाठी मायक्रोट्यूब्यूलसोबत एन्झाइम सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि तळाशी किती आलं ते जेलवर पाहा. हा जुना, साधा प्रयोग मनापासून शिका. जेलवर पट्टी फिकट असेल तर ग्रिड (सूक्ष्मदर्शकासाठी नमुना ज्यावर ठेवतात ती बारीक जाळी) गोठवू नका.

चित्रं हाती आली की मायक्रोट्यूब्यूलचा स्वतःचा स्वभाव आडवा येतो. अल्फा आणि बीटा दिसायला जवळजवळ सारखे. दोघांची जोडी ८ नॅनोमीटरची, एकेक ४ नॅनोमीटरचा. चित्रांची जुळवणी ४ नॅनोमीटरने सरकली तर संगणक तक्रार करत नाही. तो निमूटपणे अल्फावरचं एन्झाइम बीटावर पसरवतो. त्यात सीमची, म्हणजे नळी जिथे मिटते त्या शिवणीची भर. इतर सगळीकडे अल्फाशेजारी अल्फा असतो, सीमवर मात्र अल्फाशेजारी बीटा येतो. शिवाय पेशीत बहुतेक १३ प्रोटोफिलामेंट (ट्युब्युलिनच्या उभ्या रांगा) असतात, प्रयोगशाळेत बनवलेल्यांत १४ चे पुष्कळ निघतात. आधी ही वर्गवारी करा, मग सीम शोधा, सममिती लावायची ती त्यानंतर.

एन्झाइम सगळ्या जागा भरत नाही, हेही ध्यानात ठेवा. चारातली एकच जागा भरली असेल आणि तुम्ही सगळ्यांची सरासरी काढलीत, तर एन्झाइमची घनता ट्युब्युलिनच्या चौथाईच दिसणार. मग प्रत्येक प्रोटोफिलामेंटचा तुकडा वेगळा काढून, बाकीचा सिग्नल वजा करून, भरलेल्या आणि रिकाम्या जागा वेगळ्या कराव्या लागतात. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण रचना खरी हाती येते ती इथेच. ईएमपीआयएआर या संग्रहात मायक्रोट्यूब्यूलची कच्ची चित्रं विनामूल्य मिळतात. स्वतःचा नमुना तयार होईपर्यंत त्यांवर हात बसवा.

आणि ते कोडं? २०२० मध्ये मायक्रोट्यूब्यूलवर बसलेल्या व्हॅश-१ आणि एसव्हीबीपीची क्रायो-ईएम रचना प्रसिद्ध झाली. शेपटी खाचेत आहेच, पण एन्झाइम अल्फाच्या गोल भागालाही टेकलेलं आहे, आणि शेजारच्या प्रोटोफिलामेंटमधल्या दुसऱ्या अल्फालासुद्धा. सुट्या ट्युब्युलिनला शेजारी नसतो, त्यामुळे ही दुहेरी पकड तिथे शक्यच नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

नकाशावर मॉडेल बसवताना शेपटीचा जो भाग दिसत नाही, तो रचू नका. ती लवचीक असते, एन्झाइमने धरलेला तुकडा तेवढा स्थिर होतो. आणि जिथे स्पर्श दिसतो आहे असं वाटतं, तिथलं अमिनो आम्ल बदलून एन्झाइमची क्रिया दोनदा मोजा, एकदा मायक्रोट्यूब्यूलवर आणि एकदा सुट्या ट्युब्युलिनवर. शेजारच्या प्रोटोफिलामेंटचा स्पर्श तोडल्यावर फक्त पहिला आकडा घसरायला हवा. दोन्ही घसरले, तर बदलामुळे प्रथिनाची घडीच बिघडली नाही ना, हे आधी तपासा.