विमानातून सायकल न्यायचीय? तिची केस (पेटी किंवा बॅग) घेताना आधी हे बघा

सगळ्यात आधी रिकाम्या केसचं वजन बघा, किंमत नंतर. हार्ड केस रिकामीच 10-12 किलोची असते आणि रोडबाइक साधारण 8-9 किलोची, म्हणजे 18 ते 21 किलो झालेच, आणि आपल्याकडे डोमेस्टिकला बहुतेक तिकिटांवर 15 किलोच चेक-इन मिळतं, त्यामुळे पुण्याहून लेहला जाणार असाल तर जास्तीच्या वजनाचे पैसे आधीच हिशोबात धरा.

सॉफ्ट बॅग हलकी, घडी घालून हॉटेलात कोपऱ्यात राहते, पण पॅडिंग आपणच नीट करायचं. माझ्या सॉफ्ट बॅगमध्ये एकदा डिरेलरचा हँगर (चेन गिअरवर सरकवणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा) वाकला आणि राइडच्या आदल्या रात्री दुकान शोधत फिरलो, फार वाईट वाटलं. तेव्हापासून मागचा डिरेलर खोलून, बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधतो, आणि एक जादा हँगर टूलकिटमध्ये असतोच. फ्रेमच्या नळ्यांना एसीच्या पाइपवर असतो तो काळा फोम लावा, स्वस्त आणि मस्त.

कार्बन फ्रेम असेल, वर्षातून दोन-तीनदा उडणार असाल तर हार्ड केसच घ्या खरंच. एकदाच जायचंय? सायकलच्या दुकानातून खोकं मागून आणा, बहुतेक वेळा फुकट देतात.

केसच्या आतली लांबी तुमच्या व्हीलबेसशी (दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर) मोजून बघा, 29 इंची चाकांची एमटीबी (माउंटन बाइक) सगळ्यात बसत नाही. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये स्पेसर (छोटा प्लास्टिकचा तुकडा) घाला. आणि डावं पेडल उलट्या आट्याचं असतं बरं का, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं.