कमी धावलेली प्रीमियर पद्मिनी घ्यावी का? पैसे मोजण्याआधी काय तपासायचं

‘फक्त ३१ हजार किलोमीटर, एकच मालक, कायम झाकून ठेवलेली.’ जाहिरातीत एवढं लिहिलं की पद्मिनीचा भाव चढतो. पण ३१ हजार हा आकडा खरा असला तरी तेवढ्यावरून गाडी चांगली ठरत नाही. हे किलोमीटर कधी झाले, ते आधी विचारायचं. वर्षाला हजार-बाराशे किलोमीटर नेमाने चाललेली गाडी आणि २००५ पर्यंत २९ हजार होऊन मग वीस वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलेली गाडी, दोघींचा ओडोमीटर (धावलेले किलोमीटर दाखवणारा काटा) जवळपास सारखंच सांगतो. पहिलीला जादा पैसे द्यावेत. दुसरीला नाही, उलट तिला उठवायचा खर्च किमतीतून वजा करायचा.

आकडा खरा आहे का?

जुन्या यांत्रिक ओडोमीटरला पाचच आकडे असतील तर एक लाखानंतर तो पुन्हा शून्यावर येतो. ३१ हजार म्हणजे १ लाख ३१ हजारही असू शकतात. शिवाय स्पीडोमीटरची केबल तुटली की ती वर्षानुवर्षं तशीच ठेवायची, ही आपल्याकडची जुनी सवय. म्हणून आकड्यावर विसंबू नका, कागद मागा. सर्व्हिसची बिलं, विम्यात खंड पडल्यावर झालेल्या तपासणीचे अहवाल, ऑइल बदलल्याचं स्टिकर: ज्यावर तारीख आणि रीडिंग दोन्ही आहेत असं जे मिळेल ते तारखेप्रमाणे लावून बघा. दोन तारखांमध्ये मोठी पोकळी दिसली की गाडी केव्हापासून उभी आहे ते कळतं.

कागद नसतील तर गाडीच बोलते. ३० हजार चाललेल्या गाडीच्या क्लच-ब्रेकच्या पॅडलवरच्या रबराच्या रेघा शाबूत असतात. ड्रायव्हरचं दार उघडून किंचित वर उचला. बिजागरी खडखडत असेल तर ते दार हजारो वेळा उघडलं गेलंय. सीटची ड्रायव्हरकडची बाजू बसलेली आहे का आणि किल्लीचे दाते झिजलेत का, तेही बघा. पॅडलचं रबर कोरं करकरीत आणि बिजागरी ढिली असेल तर रबर बदललंय, एवढाच अर्थ घ्यायचा.

पूर्वी टॅक्सी होती का?

हा प्रश्न पद्मिनीला सोडून दुसऱ्या कुठल्या हौशी गाडीला क्वचितच विचारावा लागतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीची बॉडी आणि खासगी गाडीचे कागद असा जोडही समोर येऊ शकतो.

रंग वरून कितीही नवा मारला तरी खुणा आत राहतात. डिक्कीतलं मॅट उचला, दाराच्या रबराची कड सोडवा, छताच्या अस्तराची एखादी कड अलगद ओढून आत टॉर्च मारा. काळ्या रंगावर पिवळा किंवा पिवळ्यावर दुसराच रंग दिसला तर उत्तर मिळालं. टॅक्सीचा मीटर बाहेर डाव्या बाजूला असायचा, त्यामुळे त्या भागात बुजवलेली भोकं शोधा. छतावर कॅरियरच्या खुणा असतात. डिक्कीच्या तळाला सीएनजी टाकीच्या पट्ट्यांची भोकं असतील तर आरसीवर इंधन काय लिहिलंय ते बघा. टॅक्सी असणं वाईट नाही, पण ‘कमी धावलेली’ म्हणून तिचे पैसे मोजायचे नसतात.

पत्रा

इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेल्या पत्र्याचं तसं नाही. म्हणून बघण्याचा निम्मा वेळ गाडीखाली घालवा. पातळ रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवर फिरवा. जिथे ते पकडत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. नखाएवढ्या जागी लांबी असेल तर हरकत नाही, दाराच्या खालच्या पट्ट्यात वीतभर असेल तर आत पत्रा उरलेला नाही असं धरून चाला.

तपासायच्या जागा: पायाखालचं मॅट उचलून तळ, दारांखालचे साइड मेंबर, जॅक लावायची जागा, बॅटरीचा ट्रे, हेडलाइटमागचा खळगा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, डिक्कीत स्टेपनीखालचा भाग आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) जिथे बॉडीला बसतात ती जागा. पाट्यांच्या जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर तिथेच थांबा, बाकी गाडी कितीही देखणी असो. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत वीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीकडे नाशिक किंवा सोलापूरच्या गाडीपेक्षा दुप्पट संशयाने बघा. ताडपत्री तर कोकणात पावसापेक्षा जास्त नुकसान करते, कारण ती ओल आत कोंडून ठेवते.

उभं राहिल्याने काय बिघडतं

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. त्या पाण्याने मास्टर सिलिंडर आणि चाकांमधले सिलिंडर आतून गंजतात, पिस्टन अडकतात, रबरी होस आतून फुगून बंद होतात. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. लायनर ड्रमला चिकटून चाक जाम होणं नेहमीचंच. पॅडल कडक लागतंय म्हणून ब्रेक ठीक आहेत असं समजू नका. पाचेक वर्षं उभ्या गाडीत मास्टर सिलिंडर, चाकांचे सगळे सिलिंडर, होस आणि ऑइल नवीन, हा खर्च न बघताच हिशेबात धरा.

पेट्रोल काही महिन्यांतच चिकट होऊ लागतं आणि कार्ब्युरेटरचे जेट बंद करतं. टाकीचा ड्रेन उघडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. तळाला तांबडी पूड म्हणजे टाकी आतून गंजलीय; खाली वेगळा थर म्हणजे पाणी. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं इथेनॉल पाणी ओढतं, शिवाय जुनी रबरी नळी आणि पंपाचा डायफ्राम त्याला टिकत नाहीत. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि नवा डायफ्राम, हा खर्च चालत्या गाडीलाही आहे.

रेडिएटरची गोष्ट थोडी वेगळी. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी. झाकण उघडून बोट फिरवा. बोटाला तांबडा चिखल लागला तर रेडिएटर साफ करणं, वॉटर पंप, होस आणि ब्लॉकचे प्लग हे काम आलंच. ते टाळून गाडी चालवली की ती तापते, हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं.

टायरवर नक्षी भरपूर आहे म्हणून खूश होऊ नका. कडेला चार आकडी तारीख असते: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा. सहा-सात वर्षांवरचे पाचही टायर बदलायचे. आणि उंदीर! सीटखाली, डॅशबोर्डमागे, एअर फिल्टरच्या डब्यात लेंड्या दिसल्या तर वायरिंग पूर्ण तपासल्याशिवाय बॅटरी जोडू देऊ नका.

बंद गाडी सुरू करून दाखवतो म्हणाले तर

घाईने सेल्फ मारू देऊ नका. गंजाने चिकटलेली पिस्टनची रिंग तुटली की सिलिंडरवर ओरखडा उठतो आणि तोपर्यंत बरं असलेलं इंजिन उघडावं लागतं. हा क्रम धरा:

१. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये १० ते १५ मिलि इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या.
२. गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, आणखी ऑइल टाकून दोन दिवस थांबा.
३. जुनं ऑइल काढा. ते दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलंय. नवं ऑइल आणि फिल्टर टाका.
४. प्लग बाहेरच ठेवून आणि कॉइलची वायर काढून सेल्फ मारा. ऑइलचा दिवा विझला पाहिजे.
५. मग कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेज लावून मोजा. चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांत असतील तर उत्तम. एकच खूप कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.
६. पेट्रोल जुन्या टाकीतलं नको, बाटलीतून द्या.

विकणाऱ्याला हे मान्य नसेल तर ‘इंजिनाचं पूर्ण काम’ धरून भाव सांगायचा.

गाडी चालती असेल तर ती थंड असतानाच पोहोचा आणि बॉनेटला हात लावून बघा. सुरू होताच निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर तापल्यावरही थांबला नाही तर पाणी जळतंय. वीस मिनिटं चालवा. स्टिअरिंगजवळच्या गिअरची दांडी ढिली असणं हे बुशांचं स्वस्त काम आहे; पण उतारावर पाय काढल्यावर गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट चिकटली आहे. उभ्या गाडीचा हा पावसाळी रोग, फार घाबरायचं कारण नाही.

काय मिळतं, काय मिळत नाही

इंजिन-ब्रेकचे सुटे भाग मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ इथे शोधले तर अजून हाती लागतात. क्रोम, ग्रिल, नावाचे बिल्ले, मूळ दिवे, काचा आणि दारांची हँडलं मात्र वाट बघायला लावतात. म्हणून एकही भाग न हरवलेली बंद गाडी ही निम्मं क्रोम गायब असलेल्या चालत्या गाडीपेक्षा चांगली खरेदी. डिझेल किंवा दुसरंच इंजिन बसवलेली पद्मिनी संग्रहासाठी घेऊच नये.

कागद

चेसिस आणि इंजिन नंबरांची पेन्सिलने छाप घेऊन ती आरसीशी ताडून बघा. एमपरिवहन ॲपवर गाडी दिसत नसेल तर जुनं पुस्तक अजून संगणकात चढलेलं नाही; आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागेल आणि ते विकणाऱ्यानेच करून द्यावं. आरसी आजोबांच्या नावावर आणि विकायला नातू, असं अनेकदा असतं. आजोबा हयात नसतील तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० ने तुमच्या. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५.

नोंदणीची मुदत संपलेली असेल तर नूतनीकरणाची फी १५ वर्षांवरच्या मोटारीला २०२२ पासून ५,००० रुपये झाली, २० वर्षांवरच्या मोटारीला २०२५ मध्ये १०,०००. शिवाय उशिराचे दरमहा ५०० रुपये, पर्यावरण कर, फिटनेस आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट). नेमकी बेरीज गाडीचा नंबर सांगून आरटीओतूनच काढून घ्या. ‘व्हिंटेज’ म्हणून सूट मिळेल असं कोणी सांगितलं तर पहिल्या नोंदणीची तारीख बघा: तो दर्जा ५० वर्षांवरच्या, व्यावसायिक नसलेल्या गाड्यांनाच आहे. रस्त्यांवर दिसणाऱ्या पद्मिनी बहुतेक ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या. आणि व्हिंटेज नंबर मिळालाच तर ती रोज चालवता येत नाही.

हे सगळं पटलं तर मेकॅनिककडून ब्रेक, इंधन, पाणी, टायर, बॅटरी, रबर आणि कागद असा वेगवेगळा अंदाज लिहून घ्या, वर पंचवीस टक्के धरा आणि तेवढी रक्कम सुस्थितीतल्या चालत्या पद्मिनीच्या भावातून वजा करा. उरतं ते तुमचं वरचं टोक. विकणारा त्याच्या खाली आला नाही तर गाडी सोडा. सौदा झालाच तर बयाण्याच्या पावतीवर ‘आरसी नावावर झाल्यावर उरलेली रक्कम’ असं लिहून घ्या, आणि ब्रेक नवे होईपर्यंत गाडी चालवत आणू नका, टोइंगच्या ट्रकवर घालून आणा.