कॅज्युअल्टीत संशोधन करायचंय? आधी वेळ लिहायला शिका

एमडी इमर्जन्सी मेडिसिनला लागले तेव्हा माझा थीसिसचा विषय पक्का होता: साप चावल्यापासून प्रतिविषाची पहिली बाटली सुरू होईपर्यंत किती वेळ जातो आणि त्याचा रुग्णावर काय परिणाम होतो. जुनी रजिस्टरं काढायची, आकडे उतरवायचे, असा सोपा हिशोब. रजिस्टरं उघडली तर चावल्याच्या वेळेचा रकाना निम्म्याहून जास्त ठिकाणी कोरा. जिथे भरला होता तिथे ‘सकाळी’. जुन्या नोंदींवरचा तो अभ्यास तिथेच संपला.

मग नव्याने येणारे रुग्ण घ्यायचं ठरलं. विद्यार्थ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: सिनॉप्सिस म्हणजे थीसिसचा आराखडा लिहिण्याआधी आपल्याच विभागाची पन्नास केसपेपरं वाचा. हवी ती माहिती तिथे नसेल तर ती तुम्हालाच रुग्णाच्या उशाशी उभं राहून घ्यावी लागणार, आणि तीही रात्री दोनला. नातेवाईक घड्याळाची वेळ सांगत नाहीत. ‘दिवेलागणीला’, ‘गुरं सोडली तेव्हा’, ‘लाइट गेली त्याच्या थोडं आधी’ असं सांगतात. मी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि शेजारी अंदाजे वेळ.

दुसरा धडा काचेच्या नळीने दिला. घोणस किंवा फुरसं चावून विष भिनलं की रक्त गोठेनासं होऊ शकतं. ते पाहायला दोन मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच तिरकं करायचं. एका रात्री ज्याच्या पायावर सूजही नव्हती त्याचं रक्त पातळच राहिलं. सिस्टरना विचारलं, तर नळ्या साबणाच्या पाण्यात धुतलेल्या. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही. नवी नळी घेतली, रक्त गोठलं, आणि त्या माणसाला गरज नसलेलं प्रतिविष टळलं. फक्त आकडे गोळा करणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी अभ्यासात एकही रुग्ण घेऊ नका. बेशुद्ध रुग्णासाठी कायदेशीर प्रतिनिधीची संमती घेता येते. शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतः विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर त्याला अभ्यासातून काढायचं. क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवर उपचार तपासून पाहणारा अभ्यास असेल, तर पहिल्या रुग्णाआधी सीटीआरआय या देशातल्या ट्रायल्सच्या नोंदवहीत नोंदणी करावी लागते.

एमबीबीएसच्या मुलांना आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस या विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन योजनेतून दोन महिन्यांचा प्रकल्प करता येतो. मार्गदर्शक आपल्याच कॉलेजातला चालतो. आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता २००९ साली मिळाली, त्यामुळे साधे प्रश्नही अजून पडून आहेत: ईसीजी दहा मिनिटांत होतो का, १०८ने आलेला रुग्ण आणि रिक्षाने आलेला रुग्ण यांत काय फरक पडतो. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम महाड परिसरात केलं. प्राझोसिन या औषधाच्या जोडीला प्रतिविष देऊन पाहणारी त्यांची ट्रायल २०११ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. मोठ्या शहराची वाट पाहू नका.

आमच्या नव्या केसपेपरवर ‘चावल्याची वेळ’ हा रकाना आता छापील आहे. परवा एका इंटर्नने त्यात लिहिलं होतं: ‘भात काढून परतताना, साधारण ६:१५’.