पिकअपचं फोर बाय फोर कधी टाकायचं आणि कधी काढायचं

चुलतभावाने दिवाळीत जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली आणि आठवड्याभरात त्याचा फोन, "दादा, ते बटण कायम फोर एचवरच ठेवलं तर काय बिघडतं? चार चाकं ओढतात म्हटल्यावर गाडी रोडला जास्त धरूनच चालेल ना." बिघडतं बाबा, बरंच बिघडतं. मी हे स्वतःच्या खिशातून शिकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाडीत काय आहे ते बघा. व्ही-क्रॉस, हायलक्स, जुनी गेटअवे, झेनॉन, कॅम्परचं फोर बाय फोर मॉडेल, ह्या सगळ्यांत पार्ट टाइम सिस्टिम आहे, आपल्या नाशकात बनणारी थार पण त्यातलीच. म्हणजे रोजचं चालणं टू एचमध्ये, फक्त मागची चाकं ओढतात. फोर एच टाकलं की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधून येणारी ताकद पुढे-मागे वाटणारा डबा) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकाला लॉक करते आणि दोघांना सारखेच फेरे मारावे लागतात. फुल टाइम वाल्या गाड्यांत मधे अजून एक डिफरन्शियल असतो जो पुढच्या-मागच्या फेऱ्यांतला फरक सांभाळून घेतो, आपल्याकडे तो नाही. सगळी भानगड इथेच आहे.

फरक किती पडतो म्हणाल तर शाळेतला पायथागोरस काढा. ह्या साइजच्या पिकअपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, साधारण ३.१ मीटर आणि टर्निंग रेडियस ६.४ मीटरच्या आसपास. स्टिअरिंग पूर्ण तोडून एक गोल चक्कर मारली तर पुढची चाकं सरासरी ३६ मीटर चालतात आणि मागची ३० च्या थोडी वर. म्हणजे साडेपाच-पावणेसहा मीटरचा फरक, चाकाचे दोन फेरे झाले की! मातीत हा फरक कुठलं तरी चाक थोडं घसरून मोकळा करून टाकतं, आपल्याला कळत पण नाही. सुक्या डांबरावर किंवा काँक्रीटवर रबर सोडत नाही, मग तो सगळा पीळ शाफ्टमध्ये, जॉइंटमध्ये, ट्रान्सफर केसच्या गिअरमध्ये नाहीतर चेनमध्ये जाऊन बसतो.

माझं काय झालं सांगतो. दिंडोरीकडून एका बागेतून पावसात निघालो, फोर एच टाकलेलं, बाहेर डांबर लागलं आणि फोनवर बोलण्याच्या नादात काढायचं राहिलं. सरळ रस्त्याला काहीच जाणवलं नाही. बाजार समितीच्या आवारात गाडी वळवायला गेलो तर कोणीतरी मागून बंपर धरून ठेवल्यासारखी अडकायला लागली, स्टिअरिंग जड, टायर कुईकुई करतायत, मधेच खाडकन आवाज. मला वाटलं ब्रेक जाम झाले. गॅरेजला नेली, तिथे चारही चाकं उघडून ब्रेक बघितले, मग स्टिअरिंगचा रॅक गेला असं ठरलं, अर्धा दिवस ह्यातच गेला, आणि शेवटी गाडी धुणाऱ्या पोराने विचारलं की शेठ हा मीटरमधला हिरवा दिवा कसला? फोर एचचाच होता तो. पुढच्या शाफ्टचा जॉइंट तोपर्यंत बोलायला लागला होता. बिल किती झालं ते घरी अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून स्वतःला एकच प्रश्न विचारतो, इथे चाकाला घसरायला जागा आहे का? असेल तर फोर एच, नसेल तर टू एच. पाऊस पडतोय का, घाट आहे का, लोड आहे का, हे सगळं नंतर.

निफाड, पिंपळगाव पट्ट्यातली काळी माती म्हणजे ह्या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर. एक जोरदार सर पडली की पाणंद रस्ता साबणासारखा होतो. तिथे फोर एच टाकायचंच, पण टाकायचं कधी? डांबर सोडून पाणंदीत उतरल्या उतरल्या, जमीन अजून घट्ट आहे तेव्हा. बहुतेक जण आधी टू एचमध्ये जोर मारून बघतात, मागची चाकं जागेवर फिरून विहीर खणतात, गाडी टेकली की मग आठवतं अरे आपल्याकडे फोर बाय फोर आहे. तोपर्यंत मागच्या डिफरन्शियलचं हौजिंग मातीवर बसलेलं असतं, चारही चाकं हवेत असल्यासारखी. तिथे फोर बाय फोर काही करत नाही, तिथे फावडं लागतं. आणि चाक गरागरा फिरत असताना तर बटण अजिबात फिरवू नका, पुढचा शाफ्ट थांबलेला आणि मागचा सुसाट, झटका कुठे बसेल विचार करा.

काळ्या मातीचा अजून एक त्रास असा की ती टायरला चढते. पन्नास-साठ फुटात टायरच्या सगळ्या खाचा भरून चाकाचा लाडू होतो आणि मग एच टी, म्हणजे डांबरासाठीचा टायर असेल तर टू एच काय न फोर एच काय, आधी दोन चाकं घसरत होती आता चार घसरतात. गेल्या जुलैत शेजारच्या शिवारात माझी अशीच अडकली. मी फोर एचमध्ये रेस देत बसलेलो आणि ट्रॅक्टरवाले नाना बांधावर उभे राहून शांतपणे बघत होते. मी म्हटलं नाना टोचन लावा. ते म्हणाले, "आधी पाय काढ रेसवरून. हवा कमी कर अन् दुसऱ्या गिअरात हळू सोड." मागच्या टायरखाली दोन बारदानं टाकली, चारही चाकांची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली, दुसरा गिअर, क्लच हळूच. निघाली. ट्रॅक्टर लागलाच नाही. हौद्यात माल भरलेला असेल तर मात्र हवा इतकी उतरवू नका, टायरची साइड फाटते, आणि डांबराला लागायच्या आधी परत भरून घ्या, म्हणून एक बारा व्होल्टचा पंप सीटखाली ठेवाच. टोचन लावायची वेळ आलीच तर गाडीच्या हुकाला लावा, बंपरला नाही, आणि दोर ताणला जात असताना आजूबाजूच्या बघ्यांना लांब करा.

त्र्यंबक, हरसूलकडचा मुरूम, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला ओल्या गवतावरचा उतार, नवीन रोडच्या कामावर पसरलेली सुटी खडी, इथे पण फोर एच बिनधास्त. पेठ, सुरगाण्याकडे पाड्यांवर जाणारे चढ तर फोर एचसाठीच बनवलेत असं वाटतं.

आता वादाचा विषय, ओलं डांबर. कसारा घाटात धो-धो पाऊस, धुकं, फोर एच टाकावं का? मी नाही टाकत. स्वच्छ ओल्या डांबरावर पकड कमी होते पण वळणात पीळ सोडण्याइतकी कमी होईलच असं नाही, आणि घाटात तर वळणंच वळणं. तिथे खरा इलाज म्हणजे चांगले टायर आणि कमी स्पीड. दरड कोसळून चिखल रोडभर पसरलाय तर तेवढ्या पॅचपुरतं टाका आणि पुढे काढा. आणि एक गैरसमज लय डेंजर आहे, फोर बाय फोरने गाडी लवकर थांबते. अजिबात नाही. ब्रेक चारही चाकांना तसेही असतातच. फोर बाय फोर निघायला आणि चढायला मदत करतं, थांबायला तुम्ही आणि तुमचे टायर.

रिकाम्या पिकअपचं मागचं चाक पावसात चढावर किंवा यू टर्नला फिरतं ही सगळ्यांचीच तक्रार आहे, कारण मागे पाटे कडक आणि वजन काहीच नाही. त्यासाठी लोक फोर एच टाकून शहरात फिरतात, ते चूक. हौद्यात मागच्या एक्सलच्या वर दोन-तीन गोण्या रेती नीट बांधून ठेवा आणि रेस हळू द्या, भागतं.

टाकायची पद्धत सोपी आहे. बटणवाल्या गाड्यांत टू एच ते फोर एच चालत्या गाडीत जातं, किती स्पीडपर्यंत ते तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, पण मी ४० च्या खाली, स्टिअरिंग सरळ, रेसवरून पाय काढून टाकतो. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला म्हणजे लागलं. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांना हाताने लॉक करायचे हब असतात, ते विसरलात तर लिव्हर टाकून पण पुढची चाकं नुसती बघ्याची भूमिका घेतात.

फोर एल वेगळं प्रकरण. त्यात पकड वाढत नाही, ताकद वाढते, गिअर साधारण अडीच पट खाली येतो. गाडी पूर्ण थांबवायची, न्यूट्रल, क्लच दाबून मग टाकायचं. दगडधोंड्यांचा खडा चढ, अडकलेली ट्रॉली ओढणं, आणि सगळ्यात जास्त उपयोग म्हणजे कच्चा तीव्र उतार. फोर एल, पहिला गिअर, दोन्ही पाय पॅडलवरून बाजूला, इंजिनच गाडीला धरून खाली आणतं. ब्रेक दाबत उतरलात आणि चाक लॉक झालं की गाडी घसरगुंडीसारखी सुटते. चिखलात मात्र फोर एलचा पहिला गिअर नको, इतका जोर येतो की चाक लगेच फिरतं, दुसरा-तिसरा वापरा.

आणि फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं प्रत्येक वेळी ओढतातच असं नाही हं. एक्सलमधले डिफरन्शियल साधे असतील तर पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत गेलं की तीच दोन फिरत बसतात. हायलक्ससारख्या गाडीत मागचा डिफ लॉक येतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारं लॉक, तो अशाच वेळी, हळू आणि सरळ जाताना.

फरशी पुलावरून पाणी वाहतंय तर फोर बाय फोर आहे म्हणून घालू नका, हे वेगळं सांगायला नको, पण दर पावसाळ्यात कोणीतरी घालतंच. वाहत्या पाण्यात गाडी हलकी होते, मग किती चाकं ओढतायत ह्याला काय अर्थ. उभ्या पाण्यातून गेलात तरी नंतर एक्सलचं तेल बघा. गरम एक्सल थंड पाण्यात गेला की ब्रीदर (एक्सलची हवा जायची-यायची नळी) खराब असेल तर पाणी आत ओढतो, आणि तेल चहासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात बदलून टाका.

टायर चारही एकाच साइजचे आणि साधारण सारखे झिजलेले पाहिजेत. मागे नवीन आणि पुढे गुळगुळीत असले की सरळ चालताना पण फेऱ्यांत फरक पडतो आणि फोर एचमध्ये पीळ भरत राहतो.

काढताना कधी कधी दिवा जात नाही, बटण टू एचवर, पण गाडी सोडत नाही. घाबरू नका, पीळ अडकलाय. सरळ रेषेत आठ-दहा फूट रिव्हर्स घ्या नाहीतर एका बाजूची चाकं साइडच्या मातीवर घ्या, टक् आवाज येऊन सुटतं. मी तर आता पाणंदीच्या तोंडाशी, डांबराच्या दहा फूट आधीच, मातीवर असतानाच काढतो.

उन्हाळ्यात काय, सहा महिने हातच लावायचा नाही? लावायचा. महिन्यातून एकदा १५-१६ किमी फोर एचमध्ये चालवा म्हणजे पुढच्या भागात तेल फिरतं, सील सुकत नाहीत. चुलतभावाला हे सांगितलं तर म्हणतो, मग द्वारका ते पाथर्डी फाटा रोज जातोच की, तेव्हा टाकतो. अरे, कच्च्या रोडवर!